व्हॉल्व्ह मोठा, हिशेब छोटा

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी आठवड्यातून चार तासांचा 'सब्जेक्ट' होता, आणि निबंधात 'माझा आवडता ऋतू' सोडून दुसरं काही लिहिल्याचं आठवत नाही. संपादक मंडळाने "इंग्लिश सेक्शन फुल झालाय, मराठीत देशील का?" असं विचारलं तेव्हा जोशात हो म्हणून बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. व्हॉल्व्हला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोश म्हणतो 'झडप'. पण झडप म्हटलं की मला कोंबडीच्या पिल्लावर येणारी घार दिसते. गॅरेजमध्ये सगळे 'वाल' म्हणतात, 'हेडचे वाल'. मी आपलं व्हॉल्व्हच लिहिणार आहे. शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या, हिशेबाच्या चुका मात्र जरूर दाखवा, कारण हा लेख हिशेबाबद्दलच आहे.

गेल्या वर्षी आपल्या क्लबने गो-कार्ट बनवली, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे. (रात्री अडीचला वर्कशॉपमागे इंजिन चालू करून बघणारे आम्हीच. रेक्टर सरांची पुन्हा एकदा क्षमा मागते.) मी इंजिन टीममध्ये होते. इंजिन जुन्या कम्यूटर बाइकचं, ५२ मिलिमीटर बोअर आणि ५८ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे १२३ सीसी. सगळ्या टीम्सकडे साधारण तसलंच. मग आपण वेगळं काय करायचं? एका सीनिअरने सांगितलं, "इनलेट व्हॉल्व्ह मोठा टाकू. इंजिनला जेवढी हवा, तेवढी पॉवर." वाक्य ऐकायला इतकं बरोबर होतं की कोणी 'का?' विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. २६ चा व्हॉल्व्ह २८ केला, सीट कापून घेतली, पोर्ट घासून मोठा केला. सव्वीस जणांचे प्रत्येकी साडेतीनशे, असे ९१०० रुपये त्या एका हेडवर गेले. मेसचं बिल थकवून पैसे देणारेही त्यात होते.

स्टँडवर कार्टने असा काही आवाज काढला की आम्ही नाचलो. ट्रॅकवर मात्र वळणंच वळणं. प्रत्येक वळणाला आरपीएम खाली यायचे आणि पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन 'घुं' करून विचार करत बसायचं. ज्या टीमने इंजिनला हातसुद्धा लावला नव्हता ती आमच्या पुढून गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा पुढून गेली. परतीच्या गाडीत अशी शांतता होती जशी रिझल्ट लागल्यावर केटीवाल्यांच्या रूममध्ये असते.

हरलो याचं दुःख दोन दिवसांत गेलं. जे गेलं नाही ते वेगळंच आहे. परत आल्यावर सरांनी एकच प्रश्न विचारला, "आधीचं रीडिंग किती होतं?" आधीचं रीडिंग नव्हतंच. हेड काढण्याआधी आम्ही काहीही मोजलं नव्हतं. त्यामुळे नेमकं काय बिघडलं हे आजही आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्हॉल्व्ह मोठा झाला म्हणून? पोर्ट जास्त घासला म्हणून? नवी सीट खोल बसली, चेंबर वाढला आणि कॉम्प्रेशन उतरलं म्हणून? कार्ब्युरेटरचं जेटिंग जुनंच राहिलं म्हणून? चारही गोष्टी एकदम बदलल्या आणि एकही मोजली नाही. ९१०० रुपयांत आम्ही काय शिकलो, तर काहीच नाही. माझ्या मते इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

मग मी एका रविवारी वही घेऊन बसले. जे स्पर्धेआधी करायचं ते स्पर्धेनंतर केलं. तो हिशेब इथे मांडते, कारण तो अवघड अजिबात नाही.

पहिली गोष्ट. व्हॉल्व्ह म्हणजे भोक नव्हे. तो उचलला गेल्यावर त्याच्या कडेभोवती जी गोल फट पडते, हवा त्या फटीतून जाते. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले उचल. २६ चा व्हॉल्व्ह साडेसहा मिलिमीटर उचलला तर फट होते ५३१ चौरस मिलिमीटर. आणि २६ व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळसुद्धा ५३१ च! उचल ही व्यासाच्या पाव पट झाली की दोन्ही सारखी होतात, हा नियम आपल्या पुस्तकात आहे, आपण तो दोन मार्कांसाठी पाठ केलेला आहे. आता व्हॉल्व्ह २८ केला. वर्तुळ वाढलं १६ टक्के, आणि हाच आकडा आम्ही सगळ्यांना सांगत फिरत होतो. पण कॅमशाफ्ट जुनाच, उचल साडेसहाच. त्यामुळे फट वाढली फक्त पावणेआठ टक्के. दार रुंद केलं, पण ते उघडतं तेवढंच.

दुसरी गोष्ट. पावणेआठ टक्के तरी मिळाले का? सिलिंडर ५२ चा. व्हॉल्व्ह मोठा केला की त्याची कड भिंतीच्या जवळ सरकते आणि त्या बाजूने हवेला वाट राहत नाही. शिवाय मोठा व्हॉल्व्ह जड. स्प्रिंग जुनीच असेल तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे धावू शकत नाही, तो 'तरंगतो', आणि बंद व्हायच्या वेळी उघडाच राहतो. म्हणजे ज्या वरच्या आरपीएमसाठी हा सगळा खटाटोप, तिथेच घोटाळा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुना व्हॉल्व्ह कमी पडत होता का? हे तपासायची एक जुनी पद्धत आहे. एमआयटीचे प्राध्यापक सी. एफ. टेलर यांच्या इंजिनवरच्या पुस्तकात ती आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ भागिले व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ, त्याला पिस्टनच्या सरासरी वेगाने गुणायचं, आणि आवाजाचा वेग गुणिले फ्लो कोएफिशंट याने भागायचं. उत्तर साधारण ०.६ च्या वर गेलं की इंजिनचा श्वास कोंडायला लागतो. त्याच्या खाली असेल तर निदान त्या कामाला व्हॉल्व्ह पुरेसा आहे. आमच्या इंजिनचा पिस्टन ८००० आरपीएमला सेकंदाला साडेपंधरा मीटर जातो. व्हॉल्व्ह बोअरच्या निम्मा, म्हणजे क्षेत्रफळाचं गुणोत्तर ४. फ्लो कोएफिशंट ०.३५ आणि आवाजाचा वेग ३४० धरला तर उत्तर येतं ०.५२. अगदी ९००० ला सुद्धा ०.५८. आणि त्या ट्रॅकवर आमची कार्ट ८००० ला पोचत होती ती फक्त एका सरळ रस्त्यावर, तीन-चार सेकंद. बाकी सगळा वेळ ती ४००० ते ६००० मध्ये. तिथे उत्तर ०.४ च्या आत. थोडक्यात काय, जो आजार नव्हता त्याच्यावर आम्ही ऑपरेशन केलं.

आणि ऑपरेशनचे परिणाम झालेच. पोर्ट मोठा झाला की कमी आरपीएमला त्यातून जाणारी हवा मंदावते. पाइपाच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी लांब उडतं, बोट काढलं की पायापाशी पडतं, तसंच. हवेला वेग असला तर ती पिस्टन वर यायला लागल्यावरसुद्धा स्वतःच्या जोरावर आत घुसत राहते आणि पेट्रोलचे बारीक थेंब सोबत नेते. वेग मेला की पेट्रोल पोर्टच्या भिंतीला चिकटतं, मिश्रण बिघडतं आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन खोकतं. आमचं खोकत होतंच. पण पुन्हा सांगते, हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पुरावा आम्ही गोळाच केला नाही.

इथे कोणी म्हणेल, "मग काय, रेसिंगवाले मूर्ख आहेत?" मुळीच नाही. ज्याचं इंजिन सतत वरच्या आरपीएमला फिरतं, ज्याने कॅम, स्प्रिंग, पोर्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळं त्या आरपीएमसाठी जुळवलंय, त्याला मोठा व्हॉल्व्ह हवाच. पण तिथेही नुसता व्यास वाढवून भागत नाही. १९१२ साली पूजो कंपनीच्या ग्रांप्री गाडीत एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले होते. कारण साधं आहे. २८ च्या एका व्हॉल्व्हऐवजी २० चे दोन टाकले तर वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, पण परीघ ४३ टक्के वाढतो, म्हणजे तेवढ्याच उचलीला फट ४३ टक्के मोठी. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका. आज आपल्या पार्किंगमधल्या कितीतरी बाइक्सवर '४व्ही' लिहिलेलं असतं, ते स्टिकर नुसतं शोभेचं नाही. दुसरं उदाहरण फॉर्म्युला स्टुडंटचं. तिथे नियमच असा की पेट्रोल इंजिनची सगळी हवा एका २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून गेली पाहिजे, म्हणजे ३१४ चौरस मिलिमीटर. खरा अडथळा तिथे. त्याच्यामागे व्हॉल्व्ह कितीही मोठे केले तरी, अरुंद बोळातून वरात जात असेल तर मांडवाचं दार रुंद करून काय उपयोग?

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इनलेटपेक्षा लहान का, हा व्हायवाचा लाडका प्रश्न. इनलेटच्या बाजूला हवेला आत ढकलायला फक्त वातावरणाचा दाब आहे. एक्झॉस्ट उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये त्याच्या कितीतरी पट दाब असतो, धूर स्वतःच धडपडत बाहेर पडतो. म्हणून एक्झॉस्ट साधारण इनलेटच्या ८० ते ८५ टक्के ठेवतात आणि वाचलेली जागा इनलेटला देतात. आणि तो बिचारा वातावरणाचा दाबसुद्धा सगळीकडे सारखा नाही. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १३५० वर. घाट चढून गेलं की हवा साधारण आठ टक्के विरळ होते. म्हणजे आम्ही ९१०० रुपये देऊन जे मिळवायला निघालो होतो, तेवढं महाबळेश्वरला जाऊन फुकटात घालवता येतं!

आता कार्टवरून थोडं माझ्या आजोळी येऊ या, कारण माझं मत खरं तर तिथे बनलं.

माझं घर साताऱ्याला, आजोळ सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी. आजोबांकडे एक किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. पाच हॉर्सपॉवर, ८० बोअर, ११० स्ट्रोक, प्लेटवर लिहिलेले आरपीएम १५००. एके काळी ते विहिरीवर होतं, मग गुऱ्हाळाच्या चरकावर. नंतर विजेची मोटार आली आणि इंजिन खोपटात जाऊन बसलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खोपट आणि इंजिन दोन्ही पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर घर सावरायचं की इंजिन? ते तसंच गाळ खात पडून राहिलं. गेल्या दिवाळीत आजोबांनी ठरवलं, बास, आता चालू करायचं. गावातल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं आणि मला हाक मारली, "ये गं इंजिनेर बाई, बघ तरी!"

हेड उतरवलं. दोन्ही व्हॉल्व्ह गंजून गाईडमध्ये धरलेले. काकांनी डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने ठोकून सोडवलं. मग सीटवर पेस्ट लावून व्हॉल्व्ह गरागरा घासायला घेतला. दर दहा-बारा फेऱ्यांनी पुसायचे, उचलून बघायचे. सीटभोवती एकसारखी राखाडी रेघ आली तेव्हा थांबले. मग व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतलं आणि चहा प्यायला गेले. मला वाटलं काम सोडलं. परत आल्यावर चेंबरच्या बाजूने बोट फिरवून बघितलं. कोरडं! "पूर्वी रॉकेल घालून बघायचो. एक थेंब आला तरी परत घासायचं," काका म्हणाले. मी मनात म्हटलं, काकांकडे 'आधीचं रीडिंग' आहे आणि 'नंतरचं'ही. आमच्याकडे लॅपटॉप होते, रीडिंग नव्हतं.

मी हुशारी दाखवायला विचारलं, "काका, व्हॉल्व्ह बदलायचाच झाला तर थोडा मोठा टाकला तर?" काका हसले. उत्तर आजोबांनी दिलं. "अगं पोरी, हे इंजान पळवायचं न्हाई, चालवायचं हाय. रातभर पाणी दिलं पायजे त्यानं, एका डब्यात."

हॉस्टेलला आल्यावर मी त्या वाक्याचाही हिशेब केला. ११० स्ट्रोक आणि १५०० आरपीएम म्हणजे पिस्टनचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर. आपल्या साध्या स्प्लेंडरचा ४९.५ चा स्ट्रोक ८००० ला १३.२ मीटर. म्हणजे विहिरीवरचं इंजिन तिच्या निम्म्याहून कमी वेगाने श्वास घेतं. समजा त्याचा व्हॉल्व्ह बोअरच्या फक्त ४० टक्के धरला, तरी टेलर यांच्या पद्धतीने उत्तर येतं ०.२९. मर्यादा ०.६, म्हणजे निम्मीसुद्धा गाठली नाही. तिथे व्हॉल्व्ह मोठा करून श्वासाला काही फायदा नाही. उलट अशा डिझेल इंजिनात हवा भोवऱ्यासारखी फिरत आत यावी लागते, तर डिझेलचा फवारा तिच्यात नीट मिसळतो. पोर्टचा आकार त्यासाठीच ठरलेला असतो. तो बिघडवला तर धूर वाढणार आणि डबा लवकर संपणार. आजोबा सातवी शिकलेत. भोवऱ्याबद्दल त्यांनी काही वाचलेलं नाही. पण इंजिनकडून कोणतं काम हवंय, हा पहिला प्रश्न त्यांना माहीत होता. आम्ही सव्वीस जणांनी तो विचारलाच नव्हता.

आणि मग मला वाटलं, आपल्या या दोन जिल्ह्यांचं इंजिनशी नातंच मुळी या प्रश्नातून सुरू झालंय. साताऱ्याहून सांगलीला येताना रेल्वेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून कारखाना घेऊन औंध संस्थानातल्या त्या माळावर आले आणि लोखंडी नांगर, चरक, पंप बनवत राहिले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आले, आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगरांच्या जोडीने डिझेल इंजिनं बनू लागली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मी साताऱ्याची असून हे मला कॉलेजात आल्यावर कळलं!) या मंडळींपुढे जगातली जोरदार इंजिनं नव्हती का? होती. पण त्यांचं गिऱ्हाईक कोण, तर ज्याची विहीर साठ फूट खोल आहे आणि ज्याला दुरुस्तीसाठी तालुक्याला जावं लागतं तो शेतकरी. म्हणून हळू फिरणारं, कमी खाणारं, गावचा मिस्त्री उघडू शकेल असं इंजिन. हे मागासलेपण नव्हतं. ही निवड होती, हिशेब करून केलेली.

आपल्याकडे मात्र हळू इंजिन म्हटलं की नाक मुरडायची फॅशन आहे. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो रेसिंग कारचे. लॅबमध्ये जे सिंगल सिलिंडर डिझेल उभं आहे, ८७.५ बोअर, ११० स्ट्रोक, ६६१ सीसी, तेही किर्लोस्करचंच, त्याला आपण 'डबा' म्हणतो. तो डबा ज्या टेस्ट रिगवर बसवलाय ती रिग कुपवाड एमआयडीसीतल्या अॅपेक्स इनोव्हेशन्सने बनवलेली आहे, आणि अशा रिग देशभरातल्या कॉलेजांत आहेत. त्यांच्यावर मोजलेले आकडे संशोधकांच्या पेपरमध्ये छापून येतात आणि खाली 'सांगली' असं लिहिलेलं असतं. आणि आपण सांगली-साताऱ्याची पोरं त्या रिगवर एका सेमिस्टरला दोन प्रॅक्टिकल करतो, तीही मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून. खरं सांगा, किती जणांनी रीडिंग स्वतः घेतलंय? मी हात वर करणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. रागावून नाही, प्रेमाने.

पहिली, स्टाफला. आय. सी. इंजिन लॅब आठवड्यातून एक संध्याकाळ क्लबसाठी उघडी ठेवा. सेफ्टीची काळजी बरोबर आहे, एक सर किंवा लॅबचे काका हजर असतीलच. पण सव्वापाचला कुलूप लागतं आणि मग आम्ही रात्री अडीचला वर्कशॉपमागे इंजिन पेटवतो. यातलं जास्त धोक्याचं काय, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी, आपल्याच क्लबला. एक साधा फ्लो बेंच बनवू या. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटार, प्लायवूडची पेटी, एक ओरिफिस प्लेट आणि दोन यू-ट्यूब मॅनोमीटर. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलेल्यापेक्षा यात जास्त काही नाही. हेड पेटीवर ठेवायचं, व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उचलायचा आणि पाण्याची उंची लिहून घ्यायची. हे आकडे जगातल्या भारी फ्लो बेंचशी जुळणार नाहीत, जुळायची गरजही नाही. आधीचं आणि नंतरचं एकाच पेटीवर मोजलं की आपल्याला हवं ते कळतं. आणि नियम असा करू या की आधीचं रीडिंग वहीत नसेल तर हेडला हात लावायचा नाही. सीनिअर असला तरी नाही.

तिसरी, परीक्षकांना. व्हायवाला 'एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लहान का?' याचं पाठ उत्तर विचारू नका. समोरच्या इंजिनकडे बोट दाखवा आणि विचारा, 'हे इंजिन कुठलं काम करतं, आणि त्या कामाला याचा व्हॉल्व्ह पुरेसा आहे का? हिशेब करून सांग.' पाच मिनिटं लागतील. अर्धी बॅच गप्प बसेल, पण पुढच्या वर्षी बसणार नाही.

माझ्या टीममधला एक मित्र हे वाचून म्हणाला, "असं मोजत बसलो तर काही करूनच बघणार नाही. चुका केल्याशिवाय शिकणार कसे?" मला हे पटतं, अर्धंच. चुका जरूर करू या. पण ज्या चुकीची नोंद नाही ती चूक पुढच्या बॅचला पुन्हा साडेतीनशे रुपये काढून विकत घ्यावी लागते. आमची चूक तरी या पानावर नोंदली गेली, एवढं या लेखातून झालं तरी पुष्कळ.

यंदा कार्टच्या इंजिनला आम्ही स्टॉक हेड परत लावलंय. व्हॉल्व्ह २६ चाच. मिस्त्रीकाकांकडून शिकून आल्यावर मी स्वतः लॅप केलाय, डिझेल ओतून, चहा पिऊन येऊन बघितलंय. कोरडा आहे. रीडिंग वहीत आहे. पहिल्या पानावर तारीख आणि एक ओळ आहे, 'हे इंजिन कशासाठी?' त्याखाली उत्तर लिहिलंय, '४००० ते ६००० मध्ये वळणातून लवकर बाहेर पडण्यासाठी.' व्हॉल्व्ह बदलायचा की नाही ते त्या उत्तरावरून ठरेल, सीनिअरच्या आवाजावरून नाही.

आणि आजोबांचं इंजिन? पाडव्याच्या सकाळी मिस्त्रीकाकांनी हँडल मारलं, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडला, आणि दोनदा पांढरा धूर सोडून ते चालू झालं. गावातली पोरं गोळा झाली. आजोबा काही बोलले नाहीत. नुसते कान देऊन आवाज ऐकत उभे राहिले.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल (मुलींचं वसतिगृह)